भुताचा गड आणि परतीची एसटी

‘वाट विचारा’ या सदरासाठी या वेळी गडकोटांविषयी प्रश्न मागवले होते. रस्ते, राहण्याची सोय, तोफा-दरवाजे याबद्दल विचारणा होईल असं वाटलं होतं. बहुतेक पत्रांत भूतच निघालं. चालेल. ज्या जागेला भुताची गोष्ट चिकटते ती जागा सहसा बघण्यासारखी असते, आणि बऱ्याचदा पाय घसरण्यासारखीही. भूत आहे की नाही याचा निवाडा इथं केलेला नाही. जायचं कसं, बघायचं काय आणि बिनघोर परतायचं कसं, तेवढं सांगितलं आहे.

पन्हाळ्याच्या अंधारबावीत अमावास्येच्या रात्री जायचा आमच्या तालमीतल्या पोरांचा बेत ठरलाय. आत बाई दिसते म्हणतात. रात्री सोडतात का? जाताना काय न्यावं?
(शिवाजी पेठ, कोल्हापूर)

रात्री सोडत नाहीत. पन्हाळ्यावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, त्यामुळे गडावर मुक्काम करता येतो. पण गडावरच्या संरक्षित वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. वेगळी वेळ ठरवून दिलेली नसेल तर अशा वास्तू सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघड्या असतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ‘कोण बघतंय’ या भरवशावर तर अजिबात जाऊ नका.

बेत मोडायची गरज नाही, वेळ तेवढी बदला. दुपारी अडीच-तीनला गडावर पोचलात की आधी सज्जाकोठी घ्या. संभाजीराजांना नजरेखाली ठेवलं होतं ती हीच. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर शिवाजी महाराज गेले तेव्हाही राजे पन्हाळ्यावरच होते. तिथून अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, त्यातल्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. मग तीन दरवाजा, आणि त्याच्या जवळच अंधारबाव. ऊन असताना तिथं पोचलं पाहिजे.

अंधारबाव ही तीन मजल्यांची वास्तू आहे. वरून बसकी दगडी इमारत दिसते, आत वळणाच्या पायऱ्या, तळाला विहीर. मधल्या मजल्यावर शिपाई बसतील असे कोनाडे आणि बाहेर निसटायला वाट ठेवली आहे. वेढा घालणारा शत्रू सगळ्यात आधी पाण्यावर टपतो, त्यात विष कालवतो. म्हणून हे पाणी लपवून, वर पहारा बसवून ठेवलं. म्हणजे तिथला अंधार मुद्दाम बांधलेला आहे, आणि बाई दिसते ती या बांधणीमुळेच. लखलखीत उन्हातून एकदम आत शिरलं की डोळ्यांना काही दिसत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात एखादी ओल, एखादा कोनाडा, वरून आलेली उजेडाची तिरीप यांतून मेंदू माणसाचा आकार जुळवतो. चेहरे शोधण्यात त्याच्याइतकं हुशार कुणी नाही.

तेव्हा पहिल्या पायऱ्यांवर पाच मिनिटं नुसते उभे राहा. पायऱ्यांची उंची सारखी नाही, कडा झिजून गोल झाल्यात आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ असतं. भिंतीच्या बाजूनं, एका वेळी एकानं, रबरी तळव्याचे बूट घालून उतरायचं. मोबाइलचा टॉर्च नको. एक हात त्यात अडकतो आणि घसरल्यावर माणूस मोबाइल वाचवायला जातो. डोक्याला बांधायची बॅटरी तीनशे-साडेतीनशे लुमेनची पुरते. तिघांत दोन असाव्यात. विहिरीच्या काठावर वाकून सेल्फी घेणाऱ्याला तालमीत आठवडाभर जादा जोर काढायला लावा.

अंधाराचीच हौस असेल तर बावीतून बाहेर या आणि सूर्यास्ताला पश्चिमेच्या पुसाटी बुरुजावर बसा. निघताना मात्र खाली उतरायची गाडी कुठली हे ठरलेलं हवं. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीची वेळ गडावर चढायच्या आधी मध्यवर्ती बसस्थानकावर विचारून घ्या. ती हंगामाप्रमाणे बदलते.

गडावरच्या हॉटेलात मुक्काम होता. मध्यरात्री तटाच्या बाजूनं बाई किंचाळावी तसा आवाज आला. थोड्या वेळानं कुणीतरी घोरतंय असं वाटलं. खिडकीतून पाहिलं तर पांढरं काहीतरी आवाज न करता गेलं. आमच्या सौ. अजून घाबरलेल्या आहेत.
(इचलकरंजी)

वहिनींना सांगा, तिन्ही लक्षणं एकाच पक्ष्याची आहेत: गव्हाणी घुबड. हे घुबड घूं घूं करत नाही, कर्कश किंचाळतं. त्याची पिल्लं भूक लागली की तासन्‌तास फुस्स-घुर्र करत राहतात, झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी. चेहरा आणि पोट पांढरं असतं, आणि पिसांच्या कडांना मऊ झालर असल्यानं उडताना पंखांचा आवाज होत नाही. पडक्या तटातल्या ढोल्या ही त्याची आवडती जागा. एकाच जागेवरून लागोपाठ रात्री घोरणं ऐकू आलं तर तिथं घरटं आहे असं समजा आणि टॉर्च मारू नका.

बाकीचे आवाजही सांगून ठेवतो. पहाटेच्या आधी कोल्हेकुई. पावसाळ्याच्या तोंडाला मोर ओरडतो तो लांबून लहान मूल हाक मारतंय असा लागतो. आणि वारा. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, आतून रुंद, बाहेर निमुळत्या आणि तिरक्या असतात. वारा ठरावीक दिशेनं आला की त्या बाटलीच्या तोंडासारख्या घुमतात. दिवसा, तट धड आहे तिथं, घुमणाऱ्या जंगीवर तळहात ठेवून पाहा: आवाज थांबतो, हात काढला की पुन्हा सुरू. वाऱ्यानं दिशा बदलली की तीच जंगी मुकी होते, म्हणून तर ‘एक दिवस येतो, एक दिवस येत नाही’ असं सांगतात.

रात्री आवाजाचा माग काढायला मात्र बाहेर पडू नका. पन्हाळ्याच्या कड्याला सगळीकडे कठडा नाही, आणि तटाच्या खालच्या गवतात घोणस असते. चावलीच, तर चिरा मारणं, दोरी आवळणं यात वेळ न घालवता पाय हलू न देता १०८ ला फोन करा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात सापाच्या विषावरची लस मिळते.

सोबत फोटो पाठवला आहे. तीन दरवाजापाशी काढलेल्या या फोटोत हवेत पांढरे गोळे आहेत आणि एक अर्धपारदर्शक माणूस. शिवाय मोबाइलवरचं भूत शोधायचं ॲप तिथंच लाल झालं. हे कसं?
(कागल)

फोटो नीट पाहिला. गोळे म्हणजे धुळीचे किंवा धुक्याचे कण. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे भिंगापुढे हातभर अंतरातला कण उजळतो आणि फोकसबाहेर असल्यानं मोठा, गोल दिसतो. फ्लॅश बंद करा, भिंग कापडानं पुसा, टॉर्च हात लांब करून बाजूनं धरा आणि तोच फोटो पुन्हा काढा. गोळे गेले तर प्रकरण संपलं.

अर्धपारदर्शक माणूस हा नाइट मोडचा खेळ. त्यात मोबाइल काही सेकंद उजेड गोळा करतो आणि अनेक चित्रं एकावर एक बसवतो. तेवढ्यात कुणी चालत गेलं की तो माणूस थोडा उमटतो, थोडा मागचा दगड. तुमच्या ‘भुता’च्या पायात पांढऱ्या पट्ट्यांचे बूट आहेत, ते जरा मोठं करून पाहा, ग्रुपमधल्या कुणाचे आहेत ते कळेल.

ॲपबद्दल. ही ॲपं मोबाइलमधलं होकायंत्र वाचतात, दुसरं काही नाही. आसपास लोखंड किंवा चुंबक आलं की आकडा चढतो. तोफ, लोखंडी कठडा, दरवाजाचे खिळे, मोबाइलच्या कव्हरचं चुंबक, कशानंही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे नुसता खडकही सुई हलवतो. तेच ॲप स्वतःच्या मोटारसायकलजवळ धरून बघा. पन्हाळ्यापेक्षा जास्त भुतं तिथं निघतील.

पाटगावकडनं रांगणा गडावर जायचंय. घरचे म्हणतात त्या सड्यावर चकवा लागतो, माणूस रात्रभर तिथल्या तिथं फिरत राहतो. आमच्या चुलत्यांना लागला होता. खरं काय?
(गारगोटी)

चुलत्यांचं खरं आहे. चकवा लागतो. फक्त लावणारं कोण, एवढाच प्रश्न.

रांगण्याची वाट पाटगावच्या पुढं भटवाडी, चिक्केवाडी अशी जाते. मधे रान, मधे उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावर खुणेला झाड नाही, कातळावर पायवाट उमटत नाही आणि गुरांच्या दहा ढोरवाटा एकमेकींना छेदतात. त्यात धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी माणूस सरळ चालतच नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली हे तपासलं: लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसनं माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागले, आणि त्यांना पत्ताही नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर काहींचं वर्तुळ वीस मीटर व्यासाइतकं लहान झालं. एक पाय लांब असतो म्हणून असं होतं, हा जुना समज त्यातून टिकला नाही. एकच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. प्रत्येक पावलाला दिशेच्या अंदाजात बारीक चूक होते, ती साठत जाते, आणि दुरुस्त करायला डोंगर किंवा सूर्य असं बाहेरचं काही दिसत नसलं की माणूस वळतो. जुनी माणसं चकवा लागला की खाली बसून पान-तंबाखू खायला सांगायची. सल्ला पक्का होता: थांबला की चूक साठायची थांबते.

आता करायचं काय. चिक्केवाडीतून गावचा माणूस सोबत घ्या आणि पैसे आधी ठरवा. पावसाळ्यात याला पर्याय नाही. मोबाइलवर नकाशा घरूनच उतरवून ठेवा आणि चालायला लागल्यापासून वाट नोंदवणारं ॲप सुरू ठेवा, मोबाइल विमान मोडवर टाकून. रेंज शोधण्यात बॅटरी संपते; जीपीएसला रेंज लागत नाही. पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत. फाट्याफाट्याला मागे वळून बघायची सवय लावा, कारण परतताना वाट उलटी दिसते आणि बहुतेक माणसं चुकतात ती येताना. पाणी माणशी तीन लिटर. दुपारी एकला गडावर असाल-नसाल, माघारी फिरायचं.

चुकलातच, तर शेवटची ओळखीची खूण जिथं होती तिथवर आल्या वाटेनं परत जा. ते जमत नसेल तर बसा. ओढ्याच्या कडेनं खाली उतरत राहिलं की गाव लागतं, हा सल्ला सपाट मुलखातला. सह्याद्रीत ओढा कड्यावरून उडी मारतो, आणि त्याच्या मागनं गेलेल्याला पुढं उतरता येत नाही, मागं चढता येत नाही. तीन लांब शिट्ट्या, मिनिटभर थांबा, पुन्हा तीन. हाका मारून घसा बसतो, शिट्टीला दम कमी लागतो. ११२ हा क्रमांक तुमच्या सिमकार्डाची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर लागतो. अंधारात गवा समोर आला तर त्याच्या अंगावर उजेड रोखू नका. आडबाजूला होऊन त्याला वाट द्या. या रानात भुतापेक्षा गव्याची गाठ पडायची शक्यता कितीतरी जास्त आहे.

राजस्थानातल्या भानगढला सरकारनेच ‘भूत आहे’ अशी पाटी लावली आहे ना? आणि शनिवारवाड्यात पौर्णिमेला ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं हे? दोन्ही ठिकाणी कधी जावं?
(राजारामपुरी, कोल्हापूर)

पाटी आहे, भूत नाही. भानगढच्या पुरातत्त्व खात्याच्या फलकावर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेशाला बंदी आहे, एवढंच. भुताचा शब्द त्यात नाही. असा नियम पन्हाळ्यालाही आहे, फक्त त्याचे फोटो कुणी पसरवत नाही. भानगढ सरिस्काच्या वाघांच्या रानाला लागून आहे, तिथं रात्री न फिरण्याला वेगळं कारण लागत नाही. गाव आमेरचा राजा भगवंतदास यानं १५७३ साली वसवलं, पुढं ते त्याचा मुलगा माधोसिंह याच्याकडे आलं; १७८३ च्या दुष्काळानंतर उरलीसुरली वस्तीही उठली. ‘घरांना छप्पर टिकत नाही, शाप आहे’ असं तिथले गाइड सांगतात. ओस पडलेल्या कुठल्याही गावात छप्परच आधी जातं; डागडुजी थांबली की पाणी मुरतं, वरचा भार आत कोसळतो आणि भिंती उभ्या राहतात. कोल्हापूरकरांनी पुणे किंवा मुंबई गाठून जयपूर, तिथून सकाळी लवकर गाडी करून दिवसात जाऊन यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. देवळं आणि बाजारपेठेचे ओटे निवांत बघा, वर वाड्यापर्यंत चढ आहे. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

शनिवारवाड्याचं म्हणाल तर गोष्टीला तारीख लावून बघा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, गणपतीच्या दिवसांत, आणि तोही भर दुपारी. वय अठरा. आरोळी मात्र लोकांना रात्री ऐकू येते. शिवाय ज्या दालनांतून ते पळाले ती दालनं आता नाहीतच. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. संध्याकाळी दरवाजे बंद होतात, तेव्हा रात्रीचा प्रश्न मिटला. सकाळी जा आणि नारायण दरवाजा चुकवू नका. देह त्या दरवाजानं बाहेर नेला म्हणून ते नाव. दिल्ली दरवाजात फोटो काढून माघारी फिरणाऱ्या माणसांना हा दरवाजा दिसतच नाही.

मुलगा ग्लासगोला आहे. ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं (वय ६३ आणि ५९) जाणार. एडिंबरा किल्ल्यातली भुतं प्रसिद्ध आहेत म्हणे. तिथून रुमानियातला ड्रॅक्युलाचा किल्लाही जमेल का?
(ताराबाई पार्क, कोल्हापूर)

आधी कागदपत्रं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, रुमानियाला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो. रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पुरता शेंगेनमध्ये आला आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांपासून करता येतो. अर्जाच्या काळात पासपोर्ट अडकू शकतो, तेव्हा एक हातात आल्यावरच दुसरा, असा वेळ धरून चला.

एडिंबरा किल्ल्याचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन घ्या. दारात गेल्यावर न मिळण्याची शक्यता असते. ऑक्टोबरपासून हिवाळी वेळापत्रक लागतं: पाचला बंद, शेवटचा प्रवेश चारला. त्यातच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून सकाळी साडेनऊचंच तिकीट घ्या. किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या सुळक्यावर आहे, आत चढ आणि गोट्यांची फरसबंदी. ओल्या गोट्यांवर काकूंची सपाट चप्पल चालणार नाही. चढ जमत नसेल तर आत गाडीची सोय असते, दारातच विचारा.

भुतांच्या तिथल्या गोष्टी दोन: बिनमुंडक्याचा ढोलवाला आणि भुयारात हरवलेला पाइप वाजवणारा पोरगा. किल्ल्याखालून शहराकडे जाणारं भुयार शोधायला त्याला वाजवत पाठवलं, वर लोक आवाजाच्या मागनं चालले, आणि मधेच वाजणं थांबलं. गोष्ट ऐका आणि मग युद्धकैद्यांच्या तळघरांत जा. अठराव्या शतकातल्या कैद्यांनी लाकडी दारांवर कोरलेली गलबतं आणि झेंडे तिथं आहेत. अंगावर काटा आणायला ते पुरे. दुपारी एक वाजता मात्र दचकू नका. रविवार सोडून रोज एकला तोफ उडते. १८६१ पासून बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून ती सुरू झाली.

रात्रीच्या ‘घोस्ट टूर’ किल्ल्यात नसतात. त्या रॉयल माइल या जुन्या रस्त्याच्या बोळांतून आणि साउथ ब्रिजखालच्या तळघरांतून जातात. तो पूल १७८८ साली झाला, पण वरून पाणी झिरपायचं थांबवता आलं नाही, म्हणून कमानींखालची दुकानं आणि मग गरिबांची बिऱ्हाडंही उठली. आत अजूनही ओल आणि गारठा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तिथं आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात लोकांच्या अनुभवांची पाहणी केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘काहीतरी जाणवलं’ असं सांगणारे ठरावीक खोल्यांतच जास्त निघाले, आणि त्या खोल्यांचा आकार, उंची, उजेड यांच्याशी त्याचा संबंध दिसला. तिकीट काढण्याआधी एक गोष्ट विचारा: मधेच अंगावर धावून येणारा नट ठेवला आहे का? काकांना हृदयाचा त्रास असेल तर नुसत्या इतिहासाच्या फेरीचं तिकीट घ्या.

रुमानियातला ब्रानचा किल्ला देखणा आहे, ड्रॅक्युलाचा मात्र नाही. १३७७ च्या परवानगीनं ब्राशोवच्या व्यापाऱ्यांनी तो बांधला. ज्या व्लाद राजावरून ड्रॅक्युला हे नाव घेतलं त्याचा तिथं फारसा संबंध आलेला नाही, आणि कादंबरीकार ब्रॅम स्टोकर त्या मुलखात गेलाच नव्हता. आतले जिने अरुंद, रांग मोठी. सकाळी दार उघडताना पोचा. व्लादचा खरा गड पोएनारी, त्याला १४८० पायऱ्या आहेत आणि रानात अस्वलं. वाट चालू आहे का हे विचारल्याशिवाय तिकडं निघू नका. या वयात, या हंगामात आम्ही ब्रानवर थांबू.

पावसाळ्यात पन्हाळा ‘जास्त भुताटकीचा’ वाटतो म्हणून जुलैत जावं म्हणतो.
(सांगली)

धुक्यात गड देखणा दिसतो, हे कबूल. पण पंचगंगेला पूर येऊन रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदी पात्राबाहेर पडली, की कोल्हापूर-पन्हाळा रस्त्यावर पाणी येतं, आणि जुलै २०२१ मध्ये गडावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. निघण्याआधी रस्ता चालू असल्याची खात्री करा, संततधार असेल तर तटाच्या पायथ्याशी गाडी लावू नका.

गडावर एका बुरुजाखाली उतारा दिसला: भात, लिंबू, धूप जळत होता. ओलांडला गेला. काही करावं लागेल का?
(जयसिंगपूर)

पाय धुवा. धूप मात्र विझवायला हवा होता, कारण वेगळं आहे. बुरुजाच्या आणि कड्याच्या पोटाला आग्यामोहोळं असतात आणि धुरानं ती उठतात. अत्तर, फटाके, ड्रोनची घरघर यांनीही उठतात. माश्या सुटल्या तर हात झटकू नका, तोंड कपड्यानं झाका आणि बंद गाडी किंवा खोली गाठेपर्यंत पळा. टाक्यात उडी मारणं चूक. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस दमून बुडतो.

आमच्या भागातल्या एका गडावर गुप्तधन आहे आणि त्यावर राखणदार आहे म्हणतात. मेटल डिटेक्टर भाड्यानं मिळतो. दिवसा, पूजा करून, थोडंसं खणलं तर चालेल का?
(गाव न छापण्याच्या अटीवर)

नाही. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा आहे, आणि वास्तूची मोडतोड झाली तर केंद्रीय कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरं, १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दडवलं तर शिक्षा. तिसरं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार किंवा जादूटोणा झाला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो: सहा महिने ते सात वर्षं. ‘राखणदार शांत करून देतो’ म्हणणारा मांत्रिक आगाऊ पैसे मागत असेल तर याच कायद्याखाली त्याची तक्रार पोलिसांत करता येते.

खणल्यानं गडाचं काय होतं तेही पाहा. जुना तट म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे दगडमातीची भर. पायाशी हातभर खड्डा केला की पावसाचं पाणी तिथून भरावात शिरतं. माती फुगते, तटाचं पोट सुटतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत बाहेरची दगडी फळी एकदम ढासळते. ताजा खड्डा ओळखायला सोपा: उकरलेली माती भोवतालापेक्षा गडद, कडेला पहारीच्या खुणा, बहुतेक वेळा हळद-कुंकू आणि नारळाची शेंडी. असा खड्डा दिसला तर आत उतरू नका, माती परत ढकलू नका. फोटो, जागा आणि तारीख टिपून पुरातत्त्व खात्याच्या गडावरच्या कर्मचाऱ्याला द्या. गड खात्याकडे नसेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.